अंग हा पुरावा नाही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा रात्री वाचलं, काल पुन्हा वाचलं. कॉलेजच्या बेसबॉल संघाबरोबर तू व्यायामाचं काम शिकतोयस. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर संघातला एक पोरगा दंड-मांड्या भरून परत आलाय. बाकीची पोरं त्याच्या पाठीमागे 'जूस, जूस' म्हणतात, म्हणजे स्नायू वाढवणारं औषध, स्टेरॉइड, घेतो असं सुचवतात. आणि आता तुझ्या वरच्या प्रशिक्षकाने तुला बाजूला घेऊन विचारलं, की तू रोज त्याच्याजवळ असतोस, तुला काय वाटतं? त्यावर तू मला विचारतोस, "काका, खरं काय ते सांगून टाकू का?"

खरं कुठलं रे? तुझ्याजवळ आहे काय? त्याचे दंड आहेत, एवढंच. अंग हा पुरावा नाही. हे वाक्य मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळलास तरी.

तुझी एक ओळ मात्र मनाला लागली. कोल्हापुरात पैलवानाचं अंग भरलं की लोक वस्तादाचं नाव घेतात, खुराकाचं कौतुक करतात. इथे थेट औषधाचं नाव का घेतात, असं तू विचारलंस. तालमीही आता पूर्वीसारख्या सोवळ्या राहिलेल्या नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. पण तुझा प्रश्न रास्त आहे. आणि खरं तर तो अमेरिकेतल्या सगळ्या खेळांना लागू नाही, बेसबॉललाच आहे.

इथल्या अमेरिकन फुटबॉलकडे बघ. तिथे अवाढव्य अंग ही नोकरीची अटच. २००६ साली सॅन डिएगोचा शॉन मेरीमन स्टेरॉइडच्या चाचणीत सापडला, चार सामने बाहेर बसला, परत आला आणि त्याच मोसमात क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, लोळवण्यात सगळ्यांच्या पुढे राहिला. प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यालाही निवडला गेला. २०१८ मध्ये न्यू इंग्लंडच्या ज्युलियन एडेलमनवर चार सामन्यांची बंदी आली आणि तोच मोसम संपता संपता तो सुपर बोल या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेसबॉलमध्ये हे झालं असतं तर त्याच्या नातवंडांनाही ऐकवलं असतं.

कारण बेसबॉलमध्ये आकडे देवघरात ठेवलेले असतात. आपल्याकडे ९९.९४ म्हटलं की पुढे नाव सांगावं लागत नाही. इथे तसे होम रनचे, म्हणजे चेंडू कुंपणापार घालण्याचे, आकडे: एका मोसमात ६१ म्हटलं की मॅरिस, कारकिर्दीत ७१४ म्हटलं की बेब रूथ, ७५५ म्हटलं की हँक ॲरन. आजोबा नातवाला हे आकडे शिकवतात. फुटबॉलमध्ये पुढच्या फळीत धक्के देणाऱ्या लाइनमनच्या ताकदीला असा एक आकडा नाही, त्यामुळे ती ताकद कुठून आली हे कुणी विचारत नाही. होम रन मारणाऱ्याच्या ताकदीला आकडा आहे, आणि तो आकडा कुणाच्या तरी आजोबांच्या आवडत्या खेळाडूला मागे टाकतो. शिवाय या खेळात वजनं उचलणं कित्येक वर्षं जवळजवळ वर्ज्य होतं. स्नायू आखडतात, बॅट अडकते, असं जुने प्रशिक्षक ठासून सांगत. रूथचं तर पोट सुटलेलं होतं. म्हणून बेसबॉलच्या मैदानावर भरीव अंग दिसलं की जुन्या प्रेक्षकाला ते परकं वाटतं, आणि परक्यावर संशय घ्यायला वेळ लागत नाही.

पण मूळ दुखणं हेही नाही. मूळ दुखणं म्हणजे चाचणीच नव्हती. १९९१ मध्ये आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी स्टेरॉइड निषिद्ध असल्याचं पत्रक काढलं, पण तपासणार कसं? खेळाडूंच्या संघटनेशी करार झाल्याशिवाय चाचणी घेता येत नव्हती. फुटबॉलमध्ये १९९० पासून वर्षभर अचानक चाचण्या होत होत्या. बेसबॉलमध्ये पहिली, तीही निनावी, झाली २००३ मध्ये. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले म्हणून २००४ पासून कायमची चाचणी आली. म्हणजे मधली बारा वर्षं कोरी. ज्याने घेतलं त्याचं झाकलं गेलं. ज्याने घेतलं नाही, त्याच्याकडे दाखवायला एक कागदही उरला नाही. मग लोक काय बघणार? छायाचित्रं. पिट्सबर्ग संघातला सडपातळ बॅरी बाँड्स आणि नंतर सॅन फ्रान्सिस्कोचा रुंद बाँड्स, दोन फोटो शेजारी शेजारी. कागद नाही म्हटल्यावर डोळे न्यायाधीश झाले, आणि चाचण्या आल्यावरही ते त्या खुर्चीवरून उठले नाहीत.

मी ह्यूस्टनला १९९४ मध्ये आलो. त्याच वर्षी आमचा जेफ बॅगवेल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खालच्या लीगमध्ये त्याचे होम रन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, मोठ्या लीगमध्ये ४४९ झाले. दंड असे की शर्टाच्या बाह्या ताणलेल्या. एकही चाचणी त्याच्याविरुद्ध गेली नाही. बेसबॉलमधल्या औषधांवरच्या २००७ च्या मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावं होती, त्यात तो नव्हता. तरी २०११ मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीच्या, मतदानात त्याला ४१.७ टक्के मतं पडली, लागतात ७५. सात वर्षं तो दारात उभा राहिला आणि २०१७ ला आत गेला. मत न देणाऱ्यांतल्या कित्येकांनी कारण काय दिलं? अंग.

आता दुसरी बाजू बघ. २००५ मध्ये नव्या नियमाखाली पहिली बंदी आली ती ॲलेक्स सांचेझवर. हा बेस चोरणारा, म्हणजे चेंडू मारला जाण्याआधीच पळून पुढचा टप्पा गाठणारा खेळाडू, क्वचितच चेंडू कुंपणापार घालणारा. २०१२ मध्ये पकडला गेला बार्तोलो कोलोन, पोट पट्ट्यावरून ओघळणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. २०१६ मध्ये डी गॉर्डनवर ८० सामन्यांची बंदी आली, आदल्याच वर्षी फलंदाजीत आणि बेस चोरण्यात लीगमध्ये पहिला आलेला, काडीसारखा पोरगा. यातल्या एकाकडेही बोट दाखवून कुणी 'जूस' म्हटलं नसतं. ही औषधं थकलेलं शरीर लवकर भरून आणतात. पिचरच्या खांद्याला आणि पळणाऱ्याच्या मांडीला ती तेवढीच हवीशी वाटतात. डोळ्यांना यातलं काय दिसणार? अंग हा पुरावा नाही, आणि अंग नसणं हाही पुरावा नाही.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं असं समजू नकोस.

२००५ च्या उन्हाळ्यात मी इथल्या पोरांच्या एका संघाला शनिवार-रविवार शिकवायला जायचो. सोळा वर्षांचा एक कॅचर होता, वडील घरांची छपरं घालायचे. हिवाळ्यानंतर पोरगा आला तो दुप्पट रुंदीचा. पालकांच्या बैठकीत कुणीतरी विषय काढला आणि मी म्हणालो, "एवढं अंग चार महिन्यांत नुसत्या जेवणावर येत नाही." एवढंच म्हणालो. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. पुढच्या आठवड्यापासून पोरं त्याच्याजवळ बसेनाशी झाली. दोन आठवडे तो एकटा डगआउटच्या टोकाला बसला, तिसऱ्या आठवड्यात आलाच नाही. पुढे तो खेळलाच नाही.

आणि पहिल्याच दिवशी मी त्याच्याशी हात मिळवला होता! तळवा खरखरीत, बोटांच्या पेरांत डांबर बसलेलं, नखाच्या कडा काळ्या. त्याचे वडील सांगून गेले, तेव्हा कळलं की शाळा सुटल्यावर आणि दर शनिवारी तो त्यांच्याबरोबर शिडीवर चढत होता. शिंगल्सचं, म्हणजे छपरावर घालायच्या डांबरी तुकड्यांचं, एक बंडल तीसेक किलोचं. दिवसाला किती बंडलं खांद्यावरून वर गेली असतील, त्याचा हिशेब तूच कर, तुला तो जमतो. तो तळवा माझ्या हातात होता आणि मी दंडांकडे बघत होतो.

त्याने काही घेतलं असेलही. मला माहीत नाही, आजही नाही. तेव्हाही नव्हतं, आणि तरी मी बोललो.

माझी बाजू सांगतो, ती खोटी नाही. १९९८ मध्ये मॅग्वायर आणि सोसा मॅरिसच्या ६१ होम रनच्या मागे धावत होते तेव्हा मी रोज सकाळी आधी तेवढंच वाचायचो. मॅग्वायरच्या कपाटात एका बातमीदाराला ॲन्ड्रो या ताकद वाढवणाऱ्या औषधाची बाटली दिसली, तेव्हा ती दुकानात उघड मिळायची आणि बेसबॉलमध्ये तिला बंदीही नव्हती. मी त्या बातमीदारावरच चिडलो होतो. मग खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या प्रयोगशाळेचं, बाल्कोचं, प्रकरण आलं. मग २००५ च्या मार्चमध्ये संसदीय समितीपुढे बेसबॉलचा फलंदाज पाल्मेरो बोट रोखून म्हणाला की मी कधीच घेतलं नाही, आणि ऑगस्टमध्ये त्याच्यावर बंदी आली. आमच्याच टेक्सासमध्ये, प्लेनोला, २००३ मध्ये एका शाळकरी पिचरने जीव दिला. स्टेरॉइड सोडल्यावर आलेल्या नैराश्याने, असं त्याच्या आईवडिलांचं म्हणणं. माझी मुलगी तेव्हा त्याच वयाची होती. मी घाबरलो होतो. पोरांना वाचवायचं होतं मला. ही भीती खरी होती आणि अशी भीती वाटायलाच हवी, हे मी आजही म्हणेन. पण भीतीपोटी मी ज्याला पकडलं त्याच्याविरुद्ध माझ्याजवळ शर्टाच्या बाह्यांपलीकडे काही नव्हतं.

म्हणून तुझ्यावर जरा आवाज चढला. तू मला "तज्ज्ञ म्हणून माझं मत द्यायला हवं ना" असं लिहितोस, तेव्हा राग येतो. दीड वर्षाच्या शिक्षणावर कसलं मत? तुझ्या मताला तिथे किंमत आहे, हीच तर भीतीची गोष्ट. पांढरा कोट घातलेला, क्लिपबोर्ड हातात असलेला माणूस खांदे उडवून "काही सांगता येत नाही बुवा" म्हणाला, तरी लोक 'हो' ऐकतात.

तेव्हा त्या प्रशिक्षकाला सांग की मला काही वाटत नाही. चाचणी घ्यायची असेल तर नियमाप्रमाणे घ्या, सगळ्यांची घ्या, आणि त्याची माहिती संघाच्या डॉक्टरांकडेच राहू दे. सुई दिसली, बाटली दिसली, पोराने स्वतः तोंडाने सांगितलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, एक दिवस थांबू नकोस. तिथे मैत्री आड आणलीस तर मला तोंड दाखवू नकोस. चेहऱ्यावर फोड आलेत, चिडतो, वजन वाढलंय, हे मला लिहू नकोस. विसाव्या वर्षी तुझ्याही चेहऱ्यावर फोड होते.

आणि त्या पोराशी बोल. तू त्याच्याबद्दल दोन पानं लिहिलीस, पण सुट्टीत तो कुठे होता हे त्यात एका ओळीनेही नाही. विचारलंच नाहीस ना? घरी काय खात होता, कुणाबरोबर व्यायाम केला, किती झोपला, काम करत होता का. वहीत लिहून ठेव, तारीख घालून: वजन, पट्टीने मोजलेला दंड, स्क्वॉटला किती घेतो. दर सोमवारी. बॅगवेलच्या वेळी कुणी ठेवलं नाही, माझ्या त्या कॅचरसाठी मी ठेवलं नाही. उद्या या पोरावर कुणी बोट दाखवलं तर त्याच्याजवळ दाखवायला तेवढं तरी असेल. त्याने खरंच काही घेतलं असेल तर तेही त्याच वहीत आधी दिसेल, आणि मग तू डॉक्टरपुढे आकडे ठेवशील.

दोन वर्षांपूर्वी इथल्या इमारत सामानाच्या दुकानाबाहेर मला तो कॅचर दिसला. पस्तिशीचा झालाय, कानशिलावर केस पांढरे. ट्रकमध्ये शिंगल्स भरत होता, दोन-दोन बंडलं एकदम. मी ट्रॉली घेऊन वीस पावलांवर उभा होतो. हाक मारायची म्हणून तोंड उघडलं, आणि त्याला त्या बैठकीबद्दल काय सांगायचं ते सुचेना. ट्रक निघून गेला.

तुझ्या त्या पोराला पुढच्या सोमवारी भेटशील तेव्हा आधी हात मिळव. मग काय कळलं ते मला लिही.

तुझा,
काका