वॉर्डात बरं वाटतं, वाटेत रडू येतं

“मॅडम, मला नर्सिंग जमणार नाही असं वाटायला लागलंय.”

नर्सिंगच्या विद्यार्थिनींची क्लिनिकल पोस्टिंग (हॉस्पिटलमधली प्रत्यक्ष ड्यूटी) सुरू झाली की हे वाक्य माझ्या कानावर हमखास पडतं. दुसऱ्या वर्षातली एक मुलगी हेच म्हणत आली होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). थिअरीत चांगले मार्क, आधीच्या पोस्टिंगचे शेरे उत्तम. आता मात्र चिडचिड, विसराळूपणा, अर्धवट राहिलेले केअर प्लॅन (पेशंटच्या देखभालीचे लेखी आराखडे) आणि घरी जाताना रोजचं रडू.

मी विचारलं, “वॉर्डात शिरल्यावर कसं वाटतं?”

ती जरा थांबली. “तिथं बरं वाटतं. पेशंट ओळखायला लागलेत, सिस्टर कामं सांगतात. पण परतीच्या बसमध्ये बसले की वाटतं, सोडून द्यावं सगळं.”

ज्याला कामच नकोसं झालंय त्याला ते वॉर्डातही नकोसं असतं, आणि सुट्टीच्या दिवशी उद्याची ड्यूटी आठवली तरी पोटात गोळा येतो. हिचं तसं नव्हतं. आधीचं हॉस्पिटल कॉलेजजवळ होतं, तेव्हा हीच मुलगी ड्यूटी संपल्यावरही रेंगाळायची. मधल्या काळात बदललं होतं ते फक्त अंतर. आता जायला दोन तास, यायला दोन तास.

आम्ही तिचा दिवस कागदावर मांडला. सकाळी ७ ची ड्यूटी, म्हणजे चारला उठून पावणेपाचला घर सोडायचं. दुपारी ३ ला सुटी असली तरी हँडओव्हर (पुढच्या पाळीकडे काम सोपवणं) आणि सह्या होऊन घरी पोचेपर्यंत साडेपाच. मग जेवण, घरातलं थोडं काम, केअर प्लॅन, लॉगबुक. पाठ टेकायला साडेअकरा. हाती उरते साडेचार तासांची झोप. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या दोन निद्रातज्ज्ञ संस्थांची २०१५ ची एकत्रित शिफारस आहे. सलग काही आठवडे झोप अपुरी पडली की माणूस चिडतो, विसरतो, लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून डोळे भरून येतात. ‘मी या कामाच्या लायकीची नाही’ याचा पुरावा म्हणून ती मला जे जे सांगत होती, ते जवळपास सगळं या यादीत बसत होतं.

प्रवास मुळातच कुणाला फारसा आवडत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ९०९ नोकरदार स्त्रियांच्या दिवसाची नोंद प्रसिद्ध केली. त्यात कामावर जातानाचा सकाळचा प्रवास सर्वांत कमी सुखाच्या गोष्टींत होता. पण लांबीपेक्षा जास्त पिळून काढतो तो बेभरवसा. या मुलीची पहिली बस दहा मिनिटं उशिरा आली की दुसरी हुकायची, आणि मग हजेरीवर लाल शेरा. त्यामुळे सगळी वाट ती घड्याळाकडे बघत काढायची. आम्ही दुसरे मार्ग शोधले. एक थेट बस वीस मिनिटं जास्त घेत होती, पण मध्ये उतरायचं नव्हतं आणि सुरुवातीच्या थांब्यावर जागा मिळत होती. ‘वीस मिनिटं फुकट’ म्हणून तिने ती आधीच बाद केलेली. मी म्हटलं, महिनाभर बघ. त्या बसमध्ये तिला डुलकी लागायला लागली. गर्दीत उभं राहून वाचवलेल्या वीस मिनिटांपेक्षा ही डुलकी मोलाची.

प्रवासात अभ्यास कर, हा सल्ला सगळेच देतात. मला तो सरसकट पटत नाही. हलत्या गाडीत वाचताना डोळे म्हणतात स्थिर आहे, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलतंय. पुष्कळांना त्यानेच मळमळतं. शिवाय चारला उठलेल्या मुलीने पहाटे औषधांचे डोस पाठ करणं म्हणजे स्वतःला शिक्षाच. जाताना झोप किंवा नुसतं बसणं. येताना हवं तर पुस्तक न उघडता, आज वॉर्डात केलेली एखादी प्रोसिजर पायरीपायरीने आठवून बघायची. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून काढलेलं जास्त टिकतं. तीही आमच्या या बोलण्यानंतर घरी लिहिण्याऐवजी केअर प्लॅनचे मुद्दे हॉस्पिटलमधूनच टिपून निघू लागली, तिथल्या लायब्ररीत अर्धा तास बसून. (बसमध्ये फोनवर पेशंटबद्दल बोलायचं मात्र नाही, नाव न घेताही. शेजारच्या सीटवर त्याचाच नातेवाईक असू शकतो.)

एका बाबतीत मी सल्ला देत नाही, हट्ट धरते. नाइट ड्यूटीनंतर दुचाकी किंवा गाडी चालवत घरी जायचं नाही. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते, असं १९९७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. दुपारी दोनला उठलेली मुलगी सकाळी आठला सुटते तेव्हा तिचे १८ तास झालेले असतात. खिडकी उघडल्याने, गाणी मोठ्याने लावल्याने झोप हटत नाही. बस, रेल्वे, कुणी न्यायला येणं, आणि यातलं काहीच नसेल तर निघण्याआधी ड्यूटी रूममध्ये वीस मिनिटं आडवं होणं आणि जागेवर आल्यावर आणखी थोडं थांबूनच निघणं.

तिच्या वेळापत्रकातली सर्वांत वाईट जागा मात्र वेगळीच निघाली: रात्री नऊला संपणारी इव्हिनिंग ड्यूटी आणि तिला लागून सकाळी सातची मॉर्निंग. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात कामगारांना चोवीस तासांत सलग किमान ११ तास विश्रांती सांगितली आहे. इथे मध्ये दहाच तास, त्यातले चार प्रवासात.

“हे ट्यूटरना सांगितलंस?”

“सगळ्यांनाच त्रास आहे मॅडम. मीच रडगाणं कसं गाऊ?”

क्लिनिकलचे तास भरल्याशिवाय नर्सिंगची नोंदणी होत नाही, त्यामुळे ‘तास कमी करा’ म्हणून उपयोग नसतो. तास कसे वाटायचे हे मात्र बोलता येतं. मी तिला तक्रारीऐवजी प्रस्ताव लिहायला लावला: या दोन तारखांना इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग आहे, अमुक मैत्रीण अदलाबदलीला तयार आहे, तास तेवढेच राहतात. हॉस्पिटल बदलून मिळालं नाही. ती अदलाबदल मिळाली, आणि त्याच दिशेने येणाऱ्या एका मुलीबरोबर तिची ड्यूटी लावून दिली. एका आठवड्यात ती त्या मैत्रिणीच्या खोलीवर राहिली.

रडू लगेच थांबलं नाही. आधी झोप सहा तासांवर आली, मग हळूहळू बाकीचं. ‘जमणार नाही’ हे वाक्य मी तिला पोस्टिंग संपेपर्यंत बाजूला ठेवायला सांगितलं होतं, कारण अपुऱ्या झोपेत एवढा मोठा निर्णय कुणीच घेऊ नये. पोस्टिंग संपल्यावर आम्ही त्यावर पुन्हा बोललो. तिला आयसीयूची भीती वाटते, ती भीती अजून आहे आणि तिच्यावर वेगळं काम करायचंय. पुढच्या सत्राची यादी लागण्याआधीच ती कोऑर्डिनेटरला आपला पत्ता आणि बसच्या वेळा देऊन आली आहे.