उंच पिकअप, फिफ्थ-व्हील ट्रेलर

प्रश्न : मुलगा टेक्सासला असतो. पिकअप ६ इंच उंच करून घेतल्यापासून फिफ्थ-व्हील ट्रेलरचं (पुढचं टोक पिकअपच्या हौद्यात जोडतात तो) नाक वर राहतं. चालेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही, तसा ओढू देऊ नका. भार ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलवर सरकतो, टायर तापून फुटतात. आधी हिच (हौद्यातला ट्रेलर जोडायचा सांगाडा) खालच्या भोकांत बसवावा. पण हौद्याची कड आणि ट्रेलरचा तळ यांत ६ इंच मोकळे हवेतच, नाहीतर चढावर कड चेपते. तेवढे उरत नसतील आणि ॲक्सल स्प्रिंगांच्या वर असतील, तर ते गॅरेजमध्ये खाली घेऊन ट्रेलरच उचलावा. मग एकूण उंची फुटांत मोजून गाडीत चिकटवावी, पुलाखाली उपयोगी पडते. किंगपिनवर (ट्रेलरच्या नाकाखालचा, हिचमध्ये अडकणारा खिळा) ट्रेलरच्या वजनाचे साधारण १५ ते २५ टक्के येतात, ते काट्यावर तोलावं. जोडल्यावर बॅटरी मारून हिचचा जबडा किंगपिनभोवती पूर्ण मिटलाय का बघावं.