चहा गरमच असतो, पण झाकणाचं काय?

प्रश्न : ताई, मी नागपुरात मनीष नगरला राहते आणि एका शिकवणी वर्गात हिशेब पाहते. दीड महिन्यापूर्वी संध्याकाळी एका सहकाऱ्यासोबत वर्गातल्या सगळ्यांसाठी चहा आणायला गेले होते. दुकान चांगलं चकचकीत, साखळीतलं. चार मोठे आल्याचे चहा, 160 रुपये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मोठी झाकणं संपली. हे छोटं बसून राहिलं ना बरोबर," आणि त्याने ती तळव्याने दाबून बसवली. मी सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसले, पुठ्ठ्याचा ट्रे मांडीवर घेतला. गाडी अजून सुरूही केली नव्हती. ट्रे जरा सरळ करायला गेले तर दोन झाकणं उडाली आणि चहा डाव्या मांडीवर. सलवार कातडीला चिकटली. दुकानातून कुणीतरी टूथपेस्ट आणून दिली. एकवीस दिवस ड्रेसिंग, 18,400 रुपये खर्च, आणि बारा दिवस बिनपगारी.

दुकानदार म्हणतो, "चहा गरमच राहते, मॅडम. थंडा पाहिजे होता तर सांगायचं होतं." बिलाच्या तळाशी छापलंय की काउंटर सोडल्यावर जबाबदारी आमची नाही. बिल सहकाऱ्याच्या नावावर आहे, पैसेही त्यानेच यूपीआयने दिले. एक कप आणि दोन्ही झाकणं त्याच्या डिकीत अजून पडलेली आहेत. आमचे हे म्हणतात, "तक्रार केलीस तर अमेरिकेतल्या त्या कॉफीवाल्या म्हातारीसारखं हसं होईल." खरंच तक्रार होते का?

उत्तर : होते. आणि आधी त्या म्हातारीबद्दल. यजमानांना हे वाचून दाखवा.

स्टेला लीबेक, वय 79, अमेरिकेतलं अल्बुकर्की शहर, फेब्रुवारी 1992. मॅकडोनाल्ड्सची 49 सेंटची कॉफी. गाडी नातू चालवत होता, पण त्या वेळी ती उभी होती, तुमच्या स्कूटरसारखीच. साखर-दूध घालायला बाईंनी कप गुडघ्यांत धरून झाकण काढलं आणि कॉफी मांडीवर सांडली. अंगातल्या सुती पँटने ती शोषून घेतली आणि कातडीला धरून ठेवली. तुमच्या सलवारीने तेच केलं. त्या आठ दिवस रुग्णालयात होत्या, कातडीचं रोपण करावं लागलं. त्यांनी आधी मागितले होते 20,000 डॉलर, कंपनी 800 द्यायला तयार झाली. मग प्रकरण ज्युरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे, गेलं. कॉफी 82 ते 88 अंशांवर ठेवली जाते आणि आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेवर तक्रारी आल्या होत्या, हे तिथे उघड झालं. 1994 साली ज्युरीने 20 टक्के दोष बाईंचाही धरला आणि भरपाई 2 लाखांची 1 लाख 60 हजार केली. वर कंपनीला शिक्षा म्हणून 27 लाख डॉलरची दंडात्मक रक्कम लावली. न्यायाधीशांनी ती 4 लाख 80 हजारांवर आणली आणि शेवटी दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं. लोकांच्या लक्षात फक्त 27 लाख राहिले, कातडी नाही.

पण हुरळून जाऊ नका. इंग्लंडमध्ये 2002 साली 36 जणांनी त्याच कंपनीविरुद्ध असेच दावे केले आणि ते हरले. न्यायालयाचं म्हणणं असं, की गरम पेय गरमच मिळावं ही गिऱ्हाइकाचीच अपेक्षा असते. म्हणून तुम्ही "चहा फार गरम होता" इथून सुरुवात करू नका. तो वाद दुकानदाराच्या सोयीचा आहे. आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधलं कलम 87 ही त्याच्या मदतीला येईल : जो धोका उघड आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, त्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादकाला धरता येत नाही. चहाने भाजतं हे कोणाला ठाऊक नाही?

तुमची तक्रार झाकणाची आहे. ती तेवढीच ठेवा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कोर्टाजवळच्या चहावाल्याकडून एक मोठा कप आणि दोन मापांची झाकणं मागून घेतली. (त्याने पैसे घेतले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघत राहिला.) बरोबर मापाचं झाकण दाबलं की कपाची वळवलेली कड खाचेत जाते आणि टक्‌ असा आवाज येतो. छोटं झाकण एका बाजूने बसतं, दुसऱ्या बाजूने उचललेलं राहतं. ती बाजू दाबली की पहिली उठते. गार पाणी भरून कप जरा कलता केला, झाकण टेबलाखाली. हे काउंटरवरच्या माणसाला कळत नाही असं होऊच शकत नाही. त्याने तर तुम्हाला तसं सांगूनच दिलं, आणि ते ऐकणारा साक्षीदार तुमच्याजवळ आहे.

याच कायद्याचं कलम 86 म्हणतं, की वस्तूची जोडणी वा तपासणी करताना वाजवी काळजी घेतली नाही तर विक्रेता जबाबदार. कपावर झाकण बसवणं ही जोडणीच. शिवाय सेवेतली त्रुटी आहेच. गरम चहाचा ट्रे मांडीवर का घेतला, असं ते विचारतील. विचारू द्या. थोडा दोष तुमच्याकडे येऊ शकतो, रक्कम त्या मानाने कमी होऊ शकते. त्याने दुकानदार सुटत नाही.

बिलाच्या तळच्या ओळीने घाबरू नका. पैसे दिल्यावर हातात पडलेल्या कागदावर काहीही छापलं म्हणजे तुमची संमती झाली असं नाही. बिल सहकाऱ्याच्या नावावर आहे हीही अडचण नाही. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक असतो. सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र मात्र लागेल.

तक्रार आपल्या सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात करायची. ब्रँडचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार चालते. फी शून्य, कारण आता ती तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, वस्तूला किती मोजले यावर ठरते, आणि तुमचा चहा 160 रुपयांचा. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. (हे लिहिल्याबद्दल कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये मला ऐकून घ्यावं लागतं.) मुदत दोन वर्षांची आहे, पण सीसीटीव्हीचं चित्रण तेवढं थांबत नाही. ते जपून ठेवा अशी लेखी मागणी दुकानाला आजच स्पीड पोस्टने पाठवा. दीड महिन्यात कदाचित पुसलंही गेलं असेल. तरी पत्र गेलंच पाहिजे. विरुद्ध पक्ष म्हणून दुकान चालवणारा आणि ब्रँडची कंपनी, दोघांनाही करा. नावं बिलावरच्या जीएसटी क्रमांकावरून आणि 14 आकडी एफएसएसएआय (खाद्यपदार्थ विकण्याच्या) परवान्यावरून निघतात.

मागणी किती करायची? औषधपाणी, बारा दिवसांचा पगार, वेदना व मनस्ताप यांची वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. लाखोंचे आकडे टाकणाऱ्या तक्रारी मी खूप पाहिल्यात, आयोगाचे सदस्य पहिलं पान वाचूनच चष्मा काढतात. डॉक्टरांकडून किती भाजलं, किती खोल, हे लिहून घ्या. जखमेचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. आणि टूथपेस्ट कोणी दिली तरी लावायची नाही, भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी.

तो कप आणि ती दोन झाकणं धुऊ नका. कोरड्या पाकिटात घालून, वर तारीख लिहून, सहकाऱ्याची सही घेऊन ठेवा. दिवाळीची साफसफाई म्हणून तो डिकी रिकामी करायच्या आत.