ध्रुव हेलिकॉप्टर सारखं का पडतं? धाकट्या भावाची बदली ध्रुवच्या युनिटमध्ये झालीय, काळजी करावी का?

काळजी करा, पण तुम्ही करताय त्या कारणासाठी नको. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "मेंटेनन्सवाले नीट काम करत नसतील." ते वाचलं आणि लिहायला बसलो. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे हेलिकॉप्टरच्या सांगाड्याची देखभाल करणारा. जवळजवळ सगळी नोकरी चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांच्या पोटाखाली वाकून गेली. आता नागपुरात असतो.

हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून ऐकलंय. ५ जानेवारी २०२५, रविवार. काटोल रोडला नातेवाइकांच्या शेतावर भरीत पार्टी होती. वांगी तुऱ्हाट्यांच्या जाळावर टाकलेली, बाया मिरच्या कुटून राहिल्या होत्या. तेवढ्यात कोणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली: पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव विमानतळावरच कोसळलं, तिघे गेले. साडू वीज खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना जगातल्या सगळ्या यंत्रांचं कळतं. ते म्हणाले, "पडलं न पुन्हा! कोण्या मेकॅनिकनं नट ढिला सोडला असन." आणि सगळी मंडळी माझ्याकडे पाहायला लागली, जसा काही मीच पान्हा घेऊन पोरबंदरला गेलो होतो.

नट ढिला सोडणं इतकं सोपं असतं का? एकदा चेतकचा कंट्रोल रॉड, म्हणजे पायलटच्या हाताची हालचाल पात्यांकडे नेणारा दांडा, बदलला होता. ज्याने बदलला त्याची सही झाली, तरी कंट्रोलला हात लागला की दुसऱ्याने स्वतंत्र तपासायचं असतं, आणि ती दुसरी तपासणी माझी होती. पहाटेची थंडी, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात दांडीचा आरसा. नट आवळलेला दिसतो, त्यावर भागत नाही. नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून घालतात ती स्प्लिट पिन आरपार गेलीय का, तिचे दोन्ही पाय वळवलेत का, हे आरशात बघायचं. जिथे आरसाही पोचत नाही तिथे हातमोजा काढून बोटाने चाचपायचं. मग एक जण कॉकपिटमध्ये बसून स्टिक चारी बाजूंना टोकापर्यंत नेतो आणि आपण वर रोटरपाशी उभं राहून बघतो, की डावीकडे म्हटल्यावर पाती डावीकडेच झुकतात ना, मध्ये कुठे अडकत नाहीत ना. पायलट साहेब हेल्मेट काखेत धरून शेजारी उभे, घड्याळाकडे नजर. तोंडातून एक शब्द नाही काढला त्यांनी. फॉर्म ७०० वर, म्हणजे देखभालीच्या नोंदवहीत, माझी सही पडेपर्यंत इंजिन सुरू होणार नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

हे सगळं मी शेतात सांगितलं. साडूंचं लक्ष भरतात.

आता तुमच्या प्रश्नाचं. लोकांना वाटतं हेलिकॉप्टर इंजिन बंद पडून पडतं, आणि ध्रुवला तर दोन इंजिनं, मग ते पडतंच कसं? इंजिनाची भीती त्यामानाने कमी असते. पुरेशी उंची असेल तर एका इंजिनाचं चेतकसुद्धा खालून येणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरवत उतरवता येतं. खरी भीती ज्याला जोडीदार नाही अशा भागांची. पायलटने स्टिक हलवली की ती हालचाल रॉडमधून स्वॉशप्लेटपर्यंत जाते. स्वॉशप्लेट म्हणजे एकावर एक दोन तबकड्या, खालची स्थिर, वरची पात्यांसोबत फिरणारी. ती झुकेल तशी पाती आपला कोन बदलतात. ती हवेत तुटली तर जगातला कुठलाही पायलट काही करू शकत नाही. पोरबंदरच्या चौकशीत ही स्वॉशप्लेटच तुटलेली निघाली.

ध्रुवचा इतिहास याच नजरेने वाचा. पहिलं उड्डाण ऑगस्ट १९९२ मध्ये, सेनादलांकडे यायला २००२ उजाडलं. २००५ साली टेल रोटरच्या, म्हणजे शेपटीवरच्या पंख्याच्या, पात्यांत दोष निघाला आणि सगळी ध्रुव जमिनीवर बसवली. मार्च २०२३ मध्ये नौदलाचं एक मुंबईजवळ समुद्रात उतरवावं लागलं, त्याच महिन्यात तटरक्षक दलाचं कोचीला पडलं, मे महिन्यात सैन्याचं किश्तवाडला. मग बूस्टर कंट्रोल रॉड ॲल्युमिनियमचे काढून पोलादाचे बसवायला घेतले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळच समुद्रात एक गेलं, त्यातही तिघांचा जीव गेला. आणि जानेवारीच्या अपघातानंतर तीनशेहून जास्त ध्रुव एकदम थांबवली. सैन्याची आणि हवाई दलाची मे २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा उडू लागली, समुद्रावरची मात्र तेव्हा थांबूनच राहिली. पाती, रॉड, स्वॉशप्लेट. यातल्या कशात कोणा फिटरने नट ढिला सोडलाय, सांगा. टॉर्च-आरसा घेऊन धातूच्या आतलं दिसत नाही. तो प्रश्न आराखडा काढणाऱ्यांना आणि कारखान्याला विचारायचा.

आणि किश्तवाडला जो गेला तो तंत्रज्ञच होता. दोन्ही पायलट वाचले. आमच्या धंद्यात ज्याने सही केली तो पुष्कळदा मागच्या सीटवर बसलेला असतो, हे साडूंना कोणी सांगावं!

त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे इक्वेडोर. त्या देशाने सात ध्रुव घेतली, २०१५ पर्यंत चार पडली, करार मोडला. खरं आहे. पण चारांपैकी दोनांचं कारण मानवी चूक निघालं, हे ते सांगत नाहीत. ध्रुव आपल्या देशात बनलेलं, म्हणून "बाहेरचं ते बाहेरचं" म्हणे. मग २५ मे २०१७ ला निलंग्याला आपले नागपूरचे मुख्यमंत्री ज्यात बसले होते ते काय एमआयडीसीत बनलं होतं? अमेरिकन सिकोर्स्की होतं, तारांत अडकून खाली आलं. सुदैवाने सगळे वाचले. कुन्नूरला डिसेंबर २०२१ मध्ये जनरल रावत गेले ते रशियन एमआय-१७, आणि चौकशीत यंत्राचा दोष निघाला नाही. ढग आडवे आले. मॉडेलचं नाव विचारून सुरक्षितता कळत नसते. किती तास उडलं, कुठे उडलं, आणि दोष सापडल्यावर किती दिवसांत भाग बदलला, हे विचारा.

हां, ध्रुववर मी स्वतः काम केलेलं नाही, तेही सांगतो. बरोबरची पोरं त्यावर गेली, त्यांच्याकडून कळतं तेवढंच. आणि बनवणाऱ्यांना मी सोडत नाहीये. वीस वर्षं उडालेल्या यंत्राचा कंट्रोल रॉड बदलावा लागतो, ही काही भूषणाची गोष्ट नाही. तुमचा भाऊ ग्राउंड क्रूमध्ये असेल तर त्याला एवढंच सांगा, की वरचा कितीही घाई करो, दुसरी तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी झाल्याशिवाय सही करायची नाही. पायलट असेल तर त्याला हे सांगायची गरज नाही.

साडूंचं म्हणाल तर त्यांनी नंतर केदारनाथचं हेलिकॉप्टर बुक करायला घेतलं. तिथे १५ जून २०२५ ला गौरीकुंडजवळ बेल ४०७ पडून सातही जण गेले होते, त्यात आपल्या विदर्भातले यात्रेकरूही होते. एका इंजिनाचं, बाहेरून आलेलं हेलिकॉप्टर. मी म्हटलं, ढग असताना उडवतात का, तेवढं तरी विचारून घ्या. त्यांनी फोन लावला आणि तिकीट कितीचं ते विचारलं.