जादूगारांचं मंडळ आणि बायकांना बंदी

प्रश्न : लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’मध्ये प्रवेश कसा मिळतो? बायकांना तिथे बंदी होती म्हणतात, खरं का?

उत्तर : खरं आहे. १९०५मध्ये पिनोलीज नावाच्या रेस्टॉरंटात मूठभर जादूगार जमले आणि मंडळ सुरू झालं. अकाली गेलेल्या जादूगार मार्टिन चॅपेंडरचं नाव द्यायचं घाटत होतं, शेवटी ‘मॅजिक सर्कल’ या नावात त्याची ‘एम. सी.’ ही आद्याक्षरं तेवढी राखली. डेव्हिड डेव्हंट पहिले अध्यक्ष.

प्रवेशासाठी आधी मुलाखत, मग परीक्षा : परीक्षकांसमोर प्रयोग करा किंवा अभ्यासपूर्ण प्रबंध लिहा. गुपित फोडलं की हकालपट्टी. हा नियम खुद्द डेव्हंटनाही भोवला, कारण त्यांनी युक्त्या छापल्या होत्या.

बायकांना दार उघडलं ते थेट १९९१मध्ये. त्याच वर्षी, बंदी उठण्याआधी, सोफी लॉइड यांनी विग आणि हातमोजे घालून, ‘रेमंड’ या पुरुषी नावाने परीक्षा दिली व उत्तीर्ण झाल्या. हातमोज्यांत हातचलाखी करणं किती अवघड, हे पत्ते हाताळणाऱ्यालाच कळेल! बंदी उठताच त्यांनी खरी ओळख सांगितली. फसवणुकीवर जगणाऱ्या मंडळाने फसवणुकीच्याच कारणावरून त्यांना काढलं. सभासदत्व परत मिळालं २०२५मध्ये.