ग्रीक जनतेने २०१५ साली युरोपला 'नाही' म्हटलं, मग ग्रीस बाहेर का पडला नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५ जुलै २०१५च्या सार्वमतात ६१ टक्के ग्रीकांनी 'नाही'वर शिक्का मारला, तरी ग्रीस आजही युरोपियन युनियनमध्ये आहे, युरो वापरतोय. मग त्यांना युरोप हवाय की नकोय?

आधी भाषेची गंमत सांगतो. ग्रीकमध्ये 'ओही' म्हणजे नाही आणि 'ने' म्हणजे हो. मी मरीन इंजिनीअर, बरीच वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर काढली. सुरुवातीला वॉल्व्ह उघडू का विचारलं की चीफ 'ने, ने' ओरडायचा आणि मी हात मागे घ्यायचो. त्या सार्वमताबद्दल बाहेरच्यांचं काहीसं असंच झालं. शब्द ऐकला, अर्थ उलटा लावला.

मी तेव्हा तिथेच होतो. जहाज अथेन्सजवळच्या पेरामाच्या यार्डात दुरुस्तीला होतं आणि कंपनीच्या ऑफिसात कामासाठी पिरायसला जावं लागायचं. देश कर्जात बुडालेला, २९ जूनपासून बँका बंद, एटीएममधून माणशी दिवसाला ६० युरो. त्यातही २०च्या नोटा संपलेल्या, त्यामुळे प्रत्यक्षात हातात पडायचे ५०च. परदेशी कार्डाला ही मर्यादा नव्हती. माझ्यापुढे पेन्शनर आजीबाई एक नोट घेऊन बाजूला झाल्या आणि मी माझ्या भारतीय कार्डावर दोनशे काढले. मान वर करून बघायची लाज वाटली.

रांगेत आमचा सुपरिंटेंडंटही होता. मतदानानंतरचा सोमवार. त्याने 'ओही'ला मत दिलं होतं. मी भाबडेपणाने विचारलं, "मग आता तुमचं जुनं चलन, ड्रॅक्मा, परत येणार?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी डिझेलमध्ये पाणी ओतायला सांगितलंय. "ड्रॅक्मा कुणी मागितला? मी त्यांच्या अटींना नाही म्हणालो."

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका वाक्यात आहे. मतपत्रिकेवर युरोपबद्दल प्रश्नच नव्हता. युरोपियन कमिशन, युरोपियन सेंट्रल बँक आणि नाणेनिधी यांनी कर्जाच्या बदल्यात पुढे केलेला अटींचा प्रस्ताव मान्य आहे का, एवढंच विचारलं होतं, तेही किचकट नावांच्या दोन दस्तऐवजांचा हवाला देऊन. शिवाय 'नाही' वर छापलं होतं आणि 'हो' खाली. पंतप्रधान त्सिप्रास सांगत होते की 'नाही' म्हणा, वाटाघाटीत माझे हात बळकट होतील. ब्रसेल्स-बर्लिनचे नेते सांगत होते की 'नाही' म्हणजे युरोबाहेर. लोकांनी त्सिप्रासचा अर्थ धरून मत दिलं.

आठ दिवसांनी, १३ जुलैला, त्याच त्सिप्रासने रात्रभराच्या बैठकीनंतर जवळपास तशाच कडक अटी मान्य केल्या. ८६ अब्ज युरोपर्यंतचं तिसरं कर्ज. ग्रीक लोक याला 'कोलोतुंबा' म्हणतात. आपली कोलांटउडी! शब्दांचं नातं आहे असं मी म्हणत नाही, पण अर्थ तोच.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. चिडलेले डावे खासदार त्सिप्रासच्या सिरिझा पक्षातून फुटले, 'लोकप्रिय एकता' नावाचा पक्ष काढला आणि ड्रॅक्माकडे परतायची तयारी उघड बोलून दाखवली. सप्टेंबरच्या निवडणुकीत त्यांना मिळाली २.८६ टक्के मतं. संसदेत जायला ३ टक्के लागतात. म्हणजे एकही जागा नाही. आणि कोलांटउडी मारणारा त्सिप्रास ३५ टक्क्यांवर पुन्हा पंतप्रधान. जुलैच्या ६१ टक्क्यांपेक्षा मला हा सप्टेंबरचा आकडा जास्त बोलका वाटतो.

असं काही पहिल्यांदाच घडलं असंही नाही. लष्करशाही १९७४ मध्ये पडली, त्याच उन्हाळ्यात तुर्कस्तानने सायप्रसमध्ये फौजा घुसवल्या आणि नाटो बघत बसली. पंतप्रधान कारामानलीस यांनी नाटोच्या लष्करी विभागातून अंग काढून घेतलं आणि जून १९७५ मध्ये युरोपियन समुदायाकडे, म्हणजे आजच्या युनियनच्या पूर्वावताराकडे, सदस्यत्वासाठी अर्ज केला. त्यांच्या लेखी तो बाजारपेठेचा मामला कमी आणि लोकशाहीचा विमा जास्त. कमिशनने आधी थंडा प्रतिसाद दिला, तरी त्यांनी रेटून नेलं आणि १ जानेवारी १९८१ला ग्रीस दहावा सदस्य झाला.

विरोधात आंद्रेआस पापांद्रेऊ. त्यांच्या पासोक पक्षाची घोषणा कानाला गोड होती: 'इओक के नातो, तो ईदियो सिंदिकातो'. युरोपियन समुदाय आणि नाटो, एकाच टोळीचे! त्याच ऑक्टोबरात ते ४८ टक्के मतं घेऊन सत्तेवर आले. बाहेर पडले? छे. १९८२ मध्ये मागण्यांचं निवेदन धाडलं, पुढे स्पेन आणि पोर्तुगालचा प्रवेश अडवायची धमकी दिली आणि १९८५ मध्ये भूमध्यसागरी प्रदेशांसाठी खास निधी पदरात पाडून घेतला. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यांना बरोबर कळलं होतं. पुढे त्याच पक्षाचे पंतप्रधान सिमितीस यांनी देश युरोत नेला.

म्हणून माझं मत असं की ग्रीसमध्ये 'युरोप' हा शब्द बऱ्याचदा घरातल्या भांडणात वापरायची काठी असतो. विरोधात असताना उगारायची, सत्तेत आल्यावर टेकायला घ्यायची. अपवाद कम्युनिस्ट पक्षाचा. ते पहिल्या दिवसापासून 'बाहेर पडा' म्हणतायत आणि आजही म्हणतात, पण २०२३ मध्ये त्यांची मतं साडेसात टक्क्यांच्या आसपास होती.

राग खोटा होता असं मात्र समजू नका. अर्थव्यवस्था जवळपास पाव हिश्श्याने आक्रसली, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली. 'म्निमोनियो', म्हणजे कर्जाच्या अटींचा करार, हा शब्द शिवीसारखा झाला. २००९ मध्ये ४४ टक्क्यांच्या घरात असलेला पासोक मे २०१२ मध्ये १३ टक्क्यांवर आपटला. डाव्या सिरिझाने कट्टर उजव्या पक्षाला सोबत घेऊन सरकार बनवलं, कारण दोघांत समान धागा एकच, म्निमोनियोला विरोध.

मग राहिले का? ड्रॅक्मा म्हणजे काय ते पन्नाशीच्या माणसाला आठवतं. १९८३ आणि १९८५, दोनदा अवमूल्यन. दुसरं, समोर तुर्कस्तान. एजियनमधल्या बेटावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तेव्हा एकटं पडायची हौस राहत नाही. आणि तिसरं, जे बाहेरून चटकन दिसत नाही, ते म्हणजे स्वतःच्या सरकारवरचा अविश्वास.

२८ फेब्रुवारी २०२३ला तेंबी इथे प्रवासी गाडी आणि मालगाडी समोरासमोर धडकल्या, ५७ माणसं गेली, त्यात कितीतरी विद्यार्थी. युरोपच्या पैशातून सिग्नल यंत्रणा बसवायचं कंत्राट २०१४ सालीच दिलेलं होतं, काम रखडलेलं. त्या कंत्राटाची चौकशी युरोपियन सरकारी वकिलांच्या कार्यालयाने केली. पण ग्रीक राज्यघटनेच्या कलम ८६ प्रमाणे मंत्र्यांवर खटला भरायचा की नाही हे संसदच ठरवते, तिथे त्यांचेही हात बांधलेले.

सुपरिंटेंडंट आता निवृत्त झालाय. मध्यंतरी फोनवर बोलणं झालं. ब्रसेल्सला नेहमीसारख्या दोन शिव्या हासडून झाल्या. मग तेंबीचा विषय निघाला, तर म्हणाला, "ती केस अथेन्समध्ये नको, पूर्ण युरोपवाल्यांकडेच दे." मी म्हटलं, "म्हणजे युरोपला हो?"

"ने," तो म्हणाला.