ग्रंथालय-शंका: ‘वारा’ सापडतो, ‘वाऱ्यावर’ सापडत नाही

प्रश्न: वाचनालयाची आठेक हजार मराठी पुस्तके आम्ही ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या संगणक-प्रणालीवर चढवत आहोत. ‘वाऱ्यावर’ असा शोध घेतला की कपाटात असलेली काही पुस्तके दिसत नाहीत. बारकोडही पुसट होताहेत.
– कार्यवाह, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: युनिकोडमध्ये ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ठिपक्याचा ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारे जोडचिन्ह (युनिकोड क्रमांक २००डी) आणि ‘य’. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला कळतो. एकाने मोबाइलवरून आणि दुसऱ्याने संगणकावरून नोंदी केल्या की हा घोळ ठरलेलाच. ‘ॲ’चीही तीच गत.

आधी सर्वांना एकच कीबोर्ड ठरवून द्या. झालेल्या नोंदी मार्कएक्सएमएलमध्ये (‘मार्क’ या ग्रंथालय-नोंदींच्या ठरीव साच्याचे एक्सएमएल रूप) काढा आणि एडिटरमध्ये ‘शोधा-बदला’ करा. साध्या मार्क फाइलीला हात लावू नका. तिच्यात प्रत्येक फील्डची लांबी बाइटमध्ये मोजून लिहिलेली असते, अक्षरे बदलली की मोजणी चुकते. फाइल परत चढवताना नोंद-क्रमांक जुळवून जुन्या नोंदीवरच लिहिण्याचा पर्याय घ्या, नाहीतर प्रत्येक पुस्तक दोनदा दिसेल. बॅकअप घेऊन आधी वीसच नोंदींवर करून पाहा. शेवटी इंडेक्स (शोधसूची) नव्याने बांधा. झेब्रा हे कोहाचे शोधयंत्र वापरत असाल तर ते आयसीयूवर (युनिकोड मजकूर हाताळणारी पद्धत) आहे ना, तेही तपासा.

बडोद्यातली तरुण मंडळी मराठी नावही रोमन लिपीत टाइप करतात. ते रूप २४६ या पर्यायी शीर्षकाच्या फील्डमध्ये भरा.

लेबले बहुधा डायरेक्ट थर्मल (रिबनशिवाय, उष्णतेने छापायच्या) कागदाची असावीत. उन्हाने, उष्णतेने त्यांवरची छपाई उडतेच. रिबनवाला प्रिंटर घ्या. बारकोडमध्ये फक्त दाखल क्रमांक असू द्या. वर्गांक घातलात तर वर्गीकरण बदलले की लेबल वाया.

प्रश्न: जुनी पुस्तके स्कॅन करून सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावीत का?

उत्तर: पुस्तक जुने आहे एवढ्याने भागत नाही. लेखकाच्या निधनाचे वर्ष पाहा. पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे हक्क राहतो. १९६५मध्ये निधन झालेल्या लेखकाचे लेखन १ जानेवारी २०२६ला खुले झाले. मात्र भाषांतर असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा, आणि फसगत इथेच होते: मूळ लेखक शतकापूर्वी गेलेला असतो, अनुवादक १९९०मध्ये.